आधी पवित्रा, मग चेहरा

माणसाचे चित्र काढायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांचा हात प्रथम चेहऱ्याकडे वळतो. लहान मूलसुद्धा आधी एक वाटोळे काढते, त्यात दोन टिंबे आणि एक हसरी रेघ घालते, आणि उरलेल्या कागदावर हातपाय कसेबसे बसवून टाकते. मोठेपणी आपण चित्रे काढणे सोडतो, पण ही सवय काही सुटत नाही. लग्नाच्या फोटोत आपण आधी आपला चेहरा शोधतो. दिवाळी अंक हातात आला की मुखपृष्ठावरच्या स्त्रीच्या डोळ्यांकडे आधी पाहतो. दीनानाथ दलालांनी मराठी वाचकाला ही गोड खोड लावून ठेवली आहे, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार असेल असे वाटत नाही.

पण चित्रकलेच्या गावात एक आळी अशीही आहे, की जिथे चेहऱ्याचा नंबर शेवटचा. तिथला चित्रकार माणूस उभा कसा राहिला आहे ते आधी पाहतो, मग त्याने काय घातले आहे ते पाहतो. नाकडोळ्यांचे काय ते मागाहून बघू, असे म्हणतो. ही आळी मूळची न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागातली. पन्नास वर्षांपूर्वी तिथे जन्मलेल्या हिपहॉपपासून स्फूर्ती घेऊन पात्रे काढणारे चित्रकार आता जगभर पसरले आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांतलीच. बी. ए.ला मराठी घेऊन ती माझ्या तासाला बसत असे. तिच्या वहीत मजकुरापेक्षा समास अधिक भरलेला असायचा. एकदा तर ज्ञानेश्वरीच्या टिपणांशेजारी उलटी टोपी घातलेला एक मुलगा डोक्यावर उभा राहून गिरक्या घेताना मला दिसला होता. मी काही बोलले नाही. चित्र चांगले होते.

आता ती पुस्तकांना आणि मासिकांना चित्रे काढून देण्याचा व्यवसाय करते. २०२४ च्या मे महिन्यात, मला सुट्टी असताना, तिचे एक काम पहिल्या रेघेपासून शेवटच्या रंगापर्यंत पाहण्याचा योग आला. ठाण्यातल्या एका नृत्यवर्गाची भिंत तिला रंगवायची होती. भिंत २४ फूट लांब आणि ८ फूट उंच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग, म्हणजे हिपहॉपमधला तो जमिनीला हात टेकून करायचा नाच, प्रथमच खेळ म्हणून व्हायचा होता. त्यामुळे वर्गाच्या चालकांना उत्साह आला होता. भिंतीवर सात आकृत्या हव्या होत्या. सहा न्यूयॉर्ककडच्या, आणि सातवी वर्गातल्याच कोणाची तरी. मोबदला अर्धा आधी, अर्धा काम झाल्यावर.

हिपहॉप म्हणजे कर्कश लावलेले गाणे, एवढीच ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी इथे थोडे थांबले पाहिजे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२०, सेज्विक अॅव्हेन्यू या इमारतीत, भाडेकरूंच्या करमणुकीसाठी ठेवलेल्या खोलीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने नाचाची एक पार्टी ठेवली. हेतू अगदी घरगुती होता. शाळा सुरू व्हायची होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असा दर लावून तिने हाताने लिहिलेली छोटी कार्डे वाटली. तबकड्या वाजवायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह होता. हे कुटुंब जमेकाहून आलेले. क्लाइव्ह ब्राँक्सला आला तो १९६७ साली, बारा वर्षांचा असताना. धिप्पाड अंगामुळे सोबत्यांनी त्याला हर्क्युलिस म्हणायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे ‘कूल हर्क’ हे नाव रूढ झाले. गाण्यातले शब्द थांबून नुसता ठेका उरतो त्या तुकड्यावर मुले सर्वांत रंगात येतात, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. या तुकड्याला म्हणतात ‘ब्रेक’, आणि त्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. तबकडी, तालावरचे बोलणे, नाच आणि भिंतीवरचे रंगकाम अशा चार फांद्यांचे हे झाड. त्याच्या मुळाशी शाळेच्या कपड्यांची चिंता होती, हे ध्यानात ठेवावे. पुढे कपड्यांचा विषय यायचाच आहे.

ज्या जमिनीत हे झाड रुजले ती काही सुपीक नव्हती. रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेतला हमरस्ता भर वस्तीतून कापत गेला होता आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली होती. सत्तरीच्या दशकात दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळत होत्या. तिथल्या काळ्या आणि पोर्तोरिकन मुलांकडे शहर सहसा पाहत नसे. तेव्हा मुलांनीच शहराच्या डोळ्यांसमोरून आपले नाव न्यायचे ठरवले, आणि त्यासाठी वाहन निवडले ते भुयारी आगगाडीचे. या चौथ्या फांदीची सुरुवात त्या पार्टीच्याही आधीची आहे. १९७१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘टाकी १८३’ अशी सही गावभर करत हिंडणाऱ्या एका निरोप्या मुलावर लेख छापला होता. ही मुले स्वतःला चित्रकार म्हणवत नसत. ‘रायटर’, म्हणजे लिहिणारे, म्हणवत. भाषेच्या शिक्षिकेला हे ऐकून बरे वाटले तर त्यात नवल नाही.

आपण मराठीत अक्षराला वळण आहे असे म्हणतो, आणि मुलालाही वळण लावतो. एकाच शब्दाने आपण हस्ताक्षर आणि माणूस दोन्ही तोलतो. ब्राँक्सच्या मुलांनी हे वेगळ्या वाटेने शोधून काढले. ‘फेज टू’ या नावाने लिहिणाऱ्या तरुणाने १९७२ च्या सुमारास अक्षरे फुगवून लोडांसारखी गुबगुबीत केली. पुढे अक्षरांना बाण फुटले, हात फुटले, ती एकमेकांना कोपर मारू लागली, पाय फाकून उभी राहू लागली. आणि मग त्या अक्षरांशेजारी, कधी एखाद्या अक्षराच्याच जागी, एक माणूस येऊन उभा राहिला. त्याला तिथे ‘कॅरेक्टर’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचे अर्थ तीन: अक्षर, पात्र आणि चारित्र्य. तिन्ही इथे लागू पडतात.

मौज अशी, की आगगाड्यांवर ज्या पात्राच्या सर्वाधिक नकला झाल्या त्यांतल्या एकाला चेहराच नाही. व्हॉन बोडी या व्यंगचित्रकाराने ‘चीच विझर्ड’ नावाचा एक जादूगार काढला होता. चांदण्या काढलेली एक मोठी पिवळी टोपी थेट कंबरेपर्यंत उतरलेली, आणि तिच्याखाली दोन पाय. बस्स, एवढाच प्राणी. बोडी १९७५ साली, चौतिशीच्या आतच वारला. पण ज्यांना त्याने कधी पाहिले नव्हते अशा मुलांनी त्याची ती टोपी वर्षानुवर्षे आगगाडीवर फिरवली. डोळे नाहीत, तोंड नाही. तरी तो जादूगार वात्रट आहे हे पाहणाऱ्याला पायांच्या ठेवणीवरून कळते. मार्था कूपर आणि हेन्री शॅल्फंट यांचे ‘सबवे आर्ट’ हे छायाचित्रांचे पुस्तक १९८४ साली निघाले आणि या सगळ्या चित्रांची ओळख देशोदेशीच्या मुलांना झाली. माझ्या विद्यार्थिनीच्या टेबलावर त्याची जी प्रत होती तिची शिवण सुटून गेली होती.

आता तिच्या कामाकडे येते. पहिले दोन दिवस तिने चित्र असे काही काढलेच नाही. फोनवर जुना ठेका लावायचा आणि वहीत आगपेटीएवढ्या चौकटी आखून त्यांत भराभर रेघा ओढायच्या. एकेका आकृतीसाठी अशा तीस-चाळीस चौकटी. प्रत्येकीला अर्धे मिनिट, फार तर एक. त्या रेघांत मला माणूस दिसेना. टाचेपासून मानेपर्यंत नुसती एक बाकदार रेघ. तिला ती ‘कणा’ म्हणते. कणा सरळ आला की ती चौकट खोडायची.

“सरळ माणूस काय वाईट?” मी विचारले.

“सरळ माणूस फक्त राष्ट्रगीताला उभा असतो, मॅडम,” ती म्हणाली. “एरवी वजन कुठल्या तरी एका पायावर असतंच. ते कुठल्या पायावर आहे हे कळलं, की निम्मं चित्र झालं.”

हे तिने मला उभे करूनच दाखवले. वजन एका पायावर टाकले की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो; कंबर एकीकडे कलते, खांदे दुसरीकडे. आपल्या मूर्तिकारांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. मुरलीधराची त्रिभंग मूर्ती याच हिशेबावर उभी असते. हिपहॉपमधली प्रसिद्ध उभे राहण्याची रीत मात्र वेगळी. हात छातीवर घट्ट दुमडलेले, पंजे काखेत, पाठ किंचित मागे रेललेली, हनुवटी वर. पाहणाऱ्याला ती उर्मट वाटावी अशी आहे, आणि ती निव्वळ ऐट नव्हे का, असे मी तिला विचारलेही.

ती म्हणाली, “नाचाच्या सामन्यात आपली पाळी येईपर्यंत असंच उभं राहायचं असतं. समोरचा कितीही भारी नाचला, तरी तोंडावर दाखवायचं नाही. घाबरलोय, आवडलंय, काहीच नाही. मग जे काही असेल ते सगळं अंगात उतरतं. म्हणून मी अंग आधी काढते.”

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पवित्रा. कुस्तीचा फड पाहिलेल्याला तो समजावून सांगायला नको. मल्ल हात घालण्यापूर्वी जसा उभा राहतो त्यावरून जाणता प्रेक्षक अर्धी कुस्ती वाचतो. पवित्र्यात शरीर गप्प असते, पण तयार असते.

पुष्कळ चित्रकार पवित्रा पक्का करायला स्वतःच आरशासमोर उभे राहतात. तीही कपाटाच्या आरशासमोर हात दुमडून उभी राहिली, फोनवर स्वतःचे फोटो काढले, पाहिले आणि पुसून टाकले.

“बघा ना मॅडम, हात दुमडलेत, पण खांदे आतच येतायत,” ती म्हणाली. “आई वर्षानुवर्षं सांगत आली, नीट उभी राहा. नीट म्हणजे कमी जागेत.”

मी शेजारी उभी राहून पाहिले. आरशातल्या दोघींचे खांदे सारखेच आत वळलेले होते. बसमध्ये, लोकलमध्ये, स्टाफरूममध्ये कमी जागेत मावण्याची जी कला आपण बायका शिकतो, ती चित्रात अशी पकडली जाते. सहांतली एक आकृती लेडी पिंक हिची व्हायची होती. ही मुलगी इक्वेडोरमध्ये जन्मली, न्यूयॉर्कमध्ये वाढली आणि १९७९ साली, पंधराएक वर्षांची असताना, मुलांच्या टोळक्यांबरोबर गाड्या रंगवू लागली. पुढे १९८३ च्या ‘वाइल्ड स्टाइल’ या चित्रपटात तिने कामही केले. चणीने ती लहानखुरी. तिचे खांदे आत वळवून चालणार नव्हते, आणि तिला उगाच दांडगी दाखवूनही चालणार नव्हते. त्या एका आकृतीच्या चौकटी साठाच्या वर गेल्या.

पुढची पायरी मला सर्वांत आवडली. पवित्रा ठरला की ती सगळी आकृती काळ्या शाईने भरून टाकते. आत काही नाही, नुसती सावली. ही सावली पाहून माणूस ओळखू आला पाहिजे. दोन हातांमधून, कोपर आणि कंबर यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे, नाहीतर सगळ्याचा एक गोळा होतो. मला एकदम पंढरीची आठवण झाली. विटेवर पाय जुळवून, कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठोबा काळ्या सावलीतही लहान मूल ओळखील. चेहऱ्याची गरजच नाही. ब्राँक्सच्या वारसांनाही हे गमक ठाऊक होते. १९९७ साली मिसी एलियट या गायिकेने ‘द रेन’ या गाण्याच्या चित्रफितीत हवेने फुगवलेला काळा पोशाख घातला आणि दिग्दर्शक हाइप विल्यम्सने ती माशाच्या डोळ्यासारख्या फुगीर भिंगातून टिपली. पडदाभर एक काळा गोल आकार. गायिकेने कृश असावे, असे मानणाऱ्या बाजारात तिने हवी तेवढी जागा घेतली. ही सहावी आकृती होती, आणि ती मात्र सातव्याच चौकटीत जमली.

सावलीनंतर कपडे. हिपहॉपचे कपडे ढगळ, आणि ढगळ कपडा काढणे अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याहून अवघड. आतले शरीर दिसत नाही. ते चुण्यांवरून सांगावे लागते. चुण्या उगाच पडत नाहीत. कापड जिथे ताणले जाते, म्हणजे खांदा, कोपर, गुडघा, तिथून त्या निघतात आणि जिथे ते सैल पडते तिथे जाऊन मिटतात. पायघोळ विजारीचा घोळ बुटावर जिथे साचतो, तिथे दोन-तीनच रेघा. चौथी काढली की विजार मळकी दिसू लागते. आणि बूट! बूट ती हट्टाने मोठे काढते. याला दोन कारणे. एक तर पाहणाऱ्याचा डोळा ती जमिनीलगत धरते. मग बूट जवळ येतात, डोके उंच जाते, आणि पाच फुटांची मुलगी पुतळ्यासारखी भव्य दिसू लागते. दुसरे कारण माणसांचे. पैसे साठवून घेतलेला एकच बुटांचा जोड दात घासायच्या ब्रशने घासून रोज नवाकोरा ठेवणारी ही मुले. रन-डीएमसी या त्रिकुटाने १९८६ साली आदिदासच्या बुटांवर गाणेच केले. ज्या गोष्टीला माणूस इतका जपतो, ती चित्रात लहान कशी काढायची?

मग बाह्यरेषा. इथेही एक परंपरा आहे. रात्री यार्डात उभ्या गाडीवर रंगवणारा मुलगा वहीतला नमुना हातात धरून आधी फिक्या रंगाने आराखडा काढी, मग आतले रंग भरी, आणि सर्वांत शेवटी गडद बाह्यरेषा मारी. कारण रंग भरताना पहिली रेघ झाकून जाते. ही शेवटची रेघ एका दमात, न थबकता जावी लागते. थबकले की रंग ओघळतो. माझी विद्यार्थिनी काचेच्या पाटीवर काढते. तिथे रंग ओघळत नाही आणि चुकलेली रेघ एका बोटाने मागे घेता येते. तरीही ती खांद्यापासून हात फिरवून एका दमातच रेघ मारते. मनगटाने काढलेली रेघ भित्री येते, असे तिचे म्हणणे. वजन जिथे आहे तिथे, म्हणजे बुटाच्या तळाला, वाकलेल्या गुडघ्याच्या मागे, रेघ जाड, उजेडाकडे बारीक.

आता राहिला चेहरा, आणि अडचण उभी राहिली ती इथेच. नमुने पाहून नृत्यवर्गाच्या चालकांचा निरोप आला. चित्रे छान आहेत, पण चेहरे जरा गमतीदार करा. ओठ जाड, डोळे बटबटीत. मुलांना मजा येईल. निरोपात दुष्टावा नव्हता. माझ्या विद्यार्थिनीने मात्र फोन उपडा ठेवला आणि त्या दिवशी पुढे काम केले नाही.

जाड ओठ आणि बटबटीत डोळे यांचा इतिहास साधा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून, ओठ रंगवून काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ करत. तो मुखवटा रंगभूमीवरून जाहिरातींत आला, जाहिरातींतून व्यंगचित्रांत आला, आणि इतका रुळला की भलेभले चित्रकार त्याला माणसाचा चेहरा समजू लागले. विल आइस्नर हा चित्रकथेतला थोर कलावंत. त्याच्या १९४० साली सुरू झालेल्या ‘द स्पिरिट’मध्ये एबनी व्हाइट नावाचा काळा मुलगा नायकाचा सोबती आहे. मुलगा शूर आहे, प्रेमळ आहे; पण चेहरा तोच, खेळातला मुखवटा. बाकीची पात्रे आइस्नरने माणसे पाहून काढली, हे एक न पाहताच काढले. पुढे मॉरी टर्नर या काळ्या व्यंगचित्रकाराने १९६५ साली ‘वी पॅल्स’ ही मालिका सुरू केली आणि तीत सर्व वर्णांची मुले एकत्र खेळू लागली. १९९९ साली एरन मॅग्रूडरची ‘द बूनडॉक्स’ वृत्तपत्रांतून देशभर जाऊ लागली. हिपहॉपवर वाढलेली दोन भावंडे तिचे नायक. त्यांचे डोळे चांगले बशीएवढे आहेत, कारण मॅग्रूडरला जपानी चित्रकथांचा नाद. पण कोणाला त्यात अपमान दिसत नाही.

यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. चूक अतिशयोक्तीत नाही. अतिशयोक्तीवाचून व्यंगचित्रच होणार नाही. आपल्या वसंत सरवट्यांनी कोणाचे नाक लांबवले तर ते त्या एका गृहस्थाचे नाक असते. पण तेच नाक एका अख्ख्या समाजाला चिकटवले की व्यक्ती नाहीशी होते आणि उरते ती शिवी. आपल्याकडेही नाटका-सिनेमात काळ्या रंगावर, गावाकडच्या बोलीवर हमखास हशा घेतला जातोच. तेव्हा हा प्रश्न फक्त न्यूयॉर्कचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

पण हे सगळे चालकांना फोनवर कसे सांगायचे? शिवाय अर्धे पैसे यायचे होते, आणि घरभाडे काही इतिहास पाहून थांबत नाही. दोन दिवसांनी तिने एक युक्ती केली. सातही आकृत्यांच्या त्या काळ्या सावल्या तिने एका लांब कागदावर छापल्या आणि वर्गात पाठवून दिल्या. सोबत एवढेच लिहिले, की मुलांना दाखवा आणि हे कोण कोण आहेत ते विचारा. मुले आठ ते चौदा वर्षांची. त्यांनी तबकड्यांवर ओणवलेला धिप्पाड हर्क ओळखला, फवाऱ्याचा डबा धरलेली बुटकी मुलगी ओळखली, फुगलेल्या पोशाखातली बाई ओळखली. हात दुमडून उभा असलेल्या बी-बॉयकडे पाहून तर निम्मी मुले आपोआप तशीच उभी राहिली. आणि सातव्या सावलीशी येताच सगळ्यांनी एका मुलीकडे बोट दाखवले. ती त्यांच्यातलीच, तेरा वर्षांची. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सरावाला येणारी. तिचे फोटो पवित्र्यासाठी आधीच घेऊन ठेवले होते.

चालकांना अमेरिकेच्या इतिहासाशी फारसे कर्तव्य नव्हते. रस्त्यावरून जाणाऱ्याला चित्र कळले पाहिजे, एवढीच त्यांची चिंता, आणि ती रास्त होती. चेहऱ्यावाचून जर सगळे कळते आहे, तर चेहऱ्याशी खेळायचे कशाला, हे त्यांना पटले. पैसे तीन आठवडे उशिरा आले, पण आले. चेहरे तिने मग सावकाश काढले. लहान, शांत, आणि प्रत्येक नाक ज्याचे त्याचे.

भिंतीवर आराखडा चढवताना मी हजर होते. रात्री दिवे मालवून तिने प्रक्षेपकाने चित्र भिंतीवर पाडले आणि खडूने कणे आखले. दिवे लागले तेव्हा पांढऱ्या भिंतीवर सात वाकड्या रेघा तेवढ्या होत्या. मला तेवढ्यातही कोण कोण आहे ते कळत होते. भिंत पुरी झाल्यावर त्या तेरा वर्षांच्या मुलीची आई पाहायला आली. डोळा जमिनीलगत धरून काढलेली आपली मुलगी तिने बराच वेळ निरखली आणि म्हणाली, “एवढी उंच आहे होय ही?”

पवित्रा उसना घेता येतो का, हा प्रश्न यातून उरतोच. २०१५ साली मार्व्हल कंपनीने आपल्या वीरांना गाजलेल्या हिपहॉप तबकड्यांच्या वेष्टनांवरच्या ऐटीत उभे करून मुखपृष्ठांची एक मालिका काढली. चित्रे देखणी होती. पण त्या सुमारास कंपनीच्या मासिकांतून लिहिणारे काळे लेखक जवळजवळ नव्हते, आणि लोकांनी ते बोलून दाखवले. ज्यांची उभे राहण्याची रीत घेतली, त्यांना बसायला जागा नाही! ठाण्याच्या भिंतीवरही अमेरिकेतले सहाजण उसनेच आहेत. पण त्यांच्या पंगतीत सातवी मुलगी आपल्या शाळेच्या बुटांनी उभी आहे, आणि सहांपैकी एकाचीही टिंगल झालेली नाही. उसनवारीची फेड बहुधा अशीच करायची असते.

न्यूयॉर्कच्या गाड्यांवरची ती चित्रे आता उरलेली नाहीत. सगळ्याच प्रवाशांना ती आवडत होती असेही नाही. खिडक्या रंगाने बुजलेल्या डब्यातून कामावर जाणाऱ्याचा वैताग समजण्यासारखा आहे. मे १९८९ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने आपल्या गाड्या पूर्ण स्वच्छ झाल्याचे जाहीर केले. रंग गेला, पवित्रा मात्र राहिला. तो तोवर टोकियोपासून पॅरिसपर्यंत मुलांच्या अंगात गेला होता. २०२४ च्या त्या ऑलिंपिकमध्ये मुलींचे सुवर्णपदक जपानच्या अमीला मिळाले.

हा अंक आता तुमच्या हातात आहे, आणि त्यात नेहमीप्रमाणे कथांना चित्रे आहेत. वाचून झाल्यावर एक खेळ करून पाहा. चित्रातल्या माणसाच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवा. तरीही तो कोण आहे, कुठून आला आहे, त्याच्या मनात काय चालले आहे, हे कळत असेल, तर त्या चित्रकाराने माणूस पाहून काढला आहे असे खुशाल समजा.